जुना वाटण्याऐवजी फोटो मळका का दिसतो? सेपियाची नेहमीची अडचण आणि तिच्यावरचे उपाय

फोटो चांगला असतो. ॲपमध्ये घेऊन त्यावर ‘व्हिंटेज’ किंवा ‘सेपिया’ (जुन्या फोटोंसारखा तपकिरी रंग) चढवला, की तो जुना व्हायच्या ऐवजी चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा दिसायला लागतो. फिल्टर कमी करावा तर जुनेपणाच जातो आणि वाढवावा तर चेहरे कावीळ झाल्यासारखे होतात. मग वरून ओरखडे टाकले जातात, कोपरे काळे केले जातात, दाणे पेरले जातात, आणि दर पावलाला फोटो आणखी खोटा होत जातो. मी जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करायचं काम करते. त्यामुळे नवे फोटो ‘जुने करून द्या’ म्हणणारेही माझ्याकडेच येतात, आणि दर लग्नसराईत हीच अडचण घेऊन येतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते आहे.

ज्या कामात मला हा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला, तेच उदाहरण घेते. एका आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यांच्या लग्नाचा १९६३ सालचा फोटो घरात होता. तालुक्याच्या गावच्या स्टुडिओत काढलेला, मागे खांब आणि जिना रंगवलेला पडदा, आजोबा खुर्चीत आणि आजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या. नातीने तसाच पोशाख करून, तशाच ठेवणीत, नवऱ्याबरोबर फोटो काढून घेतला. दोन्ही फोटो एकाच मापाच्या चौकटींत शेजारी शेजारी टांगायचे होते. नातीने पाच-सहा ॲप वापरून पाहिले होते. प्रत्येक वेळी तिचा फोटो एकटा बरा दिसायचा आणि आजीच्या फोटोशेजारी ठेवला की लगेच उघडा पडायचा. मीही पहिल्यांदा सवयीने जे करत होते तेच केलं, आणि माझाही पडला. खरी प्रिंट शेजारी असल्याने फसवायला जागाच नव्हती.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण निम्मा गोंधळ बऱ्याचदा इथेच असतो. कॉम्प्युटरवर किंवा फोनवर ‘नाइट लाइट’, ‘आय कम्फर्ट’ अशा नावाची सोय संध्याकाळनंतर आपोआप चालू होते आणि स्क्रीन पिवळसर होते. अशा स्क्रीनवर तुम्ही रात्री दहा वाजता सेपिया ठरवलात, तर सकाळी तोच फोटो भलताच दिसणार. ती सोय बंद करा, स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवा आणि खोलीतला पिवळा दिवा चेहऱ्यामागे येऊ देऊ नका.

पिवळेपणा कागदाचा असतो, चित्राचा नाही

आजींची प्रिंट मी खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, भिंगाखाली ठेवली आणि अर्धा तास फक्त बघत बसले. मुंडावळ्यांचे मोती पांढरे नव्हते, सायीच्या रंगाचे होते. आजोबांच्या टोपीचंही तसंच. पण त्यांच्या कोटाच्या बाहीत, जिथे अगदी गडद सावली होती, तिथे पिवळेपणाचा मागमूस नव्हता. तो काळा थोडा फिकुटला होता, दाट कोळशाऐवजी पाटीसारखा झाला होता, पण रंग म्हटला तर काळाच. चेहऱ्याच्या मधल्या छटा किंचित उबदार. आणि चौकटीखाली वर्षानुवर्षं झाकली गेलेली अर्धा इंच कड बाकीच्या कागदापेक्षा उजळ.

प्रिंट स्कॅन करून रंगांचे आकडे काढले. कॉम्प्युटर लाल, हिरवा आणि निळा प्रत्येकी शून्य ते २५५ मध्ये मोजतो, तिन्ही शून्य म्हणजे काळा आणि तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. सर्वांत पांढरी जागा लाल २३८, हिरवा २२८, निळा २०३. सर्वांत काळी जागा ३६, ३४, ३०. पांढऱ्यात लाल आणि निळ्यात पस्तीसचा फरक आहे आणि काळ्यात फक्त सहाचा. मग नातीचा ॲपमधून निघालेला फोटो उघडला. तिथे पांढरी जागा होती २३८, २२४, २०३. म्हणजे जवळपास तीच! पण काळी जागा होती ६०, ४५, २४. तो काळा राहिलाच नव्हता, तपकिरी चिखल झाला होता.

सगळा दोष त्या एका आकड्यात आहे. बरेच सोपे फिल्टर फोटोवर तपकिरी रंगाचा पातळ थर सरसकट पसरतात. दोनशे-दीडशे-ऐंशी अशा रंगाचा थर तीस टक्के दाट करून टाकला, की पांढरा बरोबर सायीसारखा होतो, पण शून्य काळ्याचा थेट ६०, ४५, २४ होतो. सावलीत तपकिरी शिरला की डोळ्याला तो कागदाचा जुनेपणा वाटत नाही, काचेवरचा मळ वाटतो.

खऱ्या प्रिंटमध्ये असं होऊ शकत नाही, कारण तिथे रंग बदलतो तो कागदाचा आणि कागदावरच्या जिलेटिनच्या थराचा. काळा भाग म्हणजे त्या जिलेटिनमध्ये दाट बसलेली चांदीची भुकटी. ती इतकी दाट असते, की खालच्या कागदाचा पिवळेपणा तिच्यातून वर येत नाही. चांदी विरळ असते तिथे, म्हणजे उजळ भागात, कागद दिसतो आणि त्याच्याबरोबर त्याचं वयही दिसतं. मुद्दाम केलेल्या सेपिया टोनिंगचाही प्रवास असाच. डार्करूममध्ये प्रिंट आधी ब्लीच करतात आणि मग सल्फाइडच्या द्रावणात घालतात, म्हणजे चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होऊन तपकिरी रंग येतो. पण ब्लीच आधी उजळ भागात चालतं, गडद भागात सर्वांत शेवटी पोचतं. अर्धवट ब्लीच केलेल्या प्रिंटमध्ये उजळ भाग तपकिरी आणि सावल्या काळ्याच राहतात. डोळ्यात भरलेले चांगले सेपिया फोटो आठवून बघा, त्यांतले काळे भाग काळेच असतात.

उपाय सांगते. फोटो आधी कृष्णधवल करा (तो कसा करायचा ते खाली येतंच आहे). कर्व्हजमध्ये, म्हणजे गडद-उजळ छटा बदलणाऱ्या तिरक्या रेषेच्या सोयीत, जाऊन डावं खालचं टोक उचला, शून्याच्या जागी ३५ ते ४० करा. याने काळा फिकुटतो. मग वर एक नवा लेयर (फोटोवरचा वेगळा थर) घ्या, तो कागदाच्या रंगाने भरा. माझा आकडा २३८, २२८, २०३ आहे, तुमच्याकडे घरातली खरी प्रिंट असेल तर तिच्या पांढऱ्या कडेवरून घ्या. आता या लेयरचा मोड ‘नॉर्मल’ न ठेवता ‘मल्टिप्लाय’ करा. ओपॅसिटी, म्हणजे थराचा दाटपणा, शंभर टक्केच. मल्टिप्लायमध्ये पांढऱ्याचा कागद होतो, काळा काळाच राहतो आणि मधल्या छटा आपापल्या उजेडाप्रमाणे रंग घेतात. फोटोशॉप आणि गिम्प, दोन्हींत हा मोड आहे. गिम्प फुकट मिळतं आणि या कामाला पुरून उरतं.

फोनवरच करायचं असेल तर लेयर नसले तरी चालतं. स्नॅपसीड या ॲपमध्ये कर्व्हज आहेत आणि त्यांत लाल, हिरवा, निळा यांचे वेगळे चॅनलही आहेत, म्हणजे एकेका रंगाची रेष वेगळी बदलता येते. निळ्या चॅनलचं उजवं वरचं टोक थोडं खाली ओढा, मग हिरव्याचं त्याहून बरंच कमी. लाल अगदी नावापुरता, नाहीतर नकोच. टोकच ओढायचं, रेषेचा मधला भाग नाही. परिणाम जवळपास मल्टिप्लायसारखाच येतो.

एवढं एक केलं तरी बहुतेकांची तक्रार मिटते. नातीच्या फोटोत मी पहिल्यांदा फक्त हेच केलं आणि तो आजींच्या फोटोशेजारी बसायला लागला. पूर्ण नाही, पण एका घरातला वाटावा इतका.

कोणत्या काळातला जुना?

‘जुना’ असा एकच रंग नाही, आणि बाकीच्या बहुतेक चुका इथून निघतात. कोणत्या कागदावरचा, कोणत्या दशकातला फोटो आपण उभा करतो आहोत हे आधी ठरवलं नाही, की १८९० चा रंग, १९६० ची कड आणि १९९० ची तारीख एकाच फोटोत येऊन बसतात. काळ्यापांढऱ्या फोटोच्या कोपऱ्यात घड्याळाच्या आकड्यांसारखी नारिंगी तारीख टाकलेली मी पाहिली आहे. तशी तारीख उमटवणारे कॅमेरे घरोघरी आले ते ऐंशी-नव्वदच्या दशकांत, रंगीत रोलच्या जमान्यात.

एकोणिसाव्या शतकाचा आभास हवा असेल तर तो अल्ब्युमेन प्रिंटचा घ्या. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद, ही पद्धत १८५० ची आणि शतक संपेपर्यंत तिचंच राज्य. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची आणि छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचा मुंबईतला स्टुडिओ १८९६ चा, म्हणजे आपल्याकडच्या त्या काळातल्या कितीतरी प्रिंट याच कागदावरच्या. सोन्याच्या क्षारात टोन केल्याने त्यांच्या सावल्या काळ्या नसून जांभळट तपकिरी असतात, आणि उजळ भाग बलकामुळे चांगलेच पिवळे पडलेले. इथे मात्र सावलीत रंग चालतो, पण तो वांग्याच्या सालीकडे झुकणारा, चहाकडे नव्हे. आणि अशा फोटोला धूसर करू नका. ‘जुना म्हणजे अंधूक’ ही समजूत खरी नाही. मोठ्या काचेच्या निगेटिव्हवरून थेट कागदावर उतरवलेले ते फोटो इतके रेखीव असतात की फेट्याची वीण मोजता येते.

रंगीत फोटो जुना करायचा तर पिवळा फिल्टर अजिबात नको. ऐंशीच्या आसपासचे घरातले रंगीत फोटो बाहेर काढून बघा, अल्बमच्या अंधारात राहिलेले. ते लालसर झालेले असतात. त्या काळच्या कागदांतला निळसर हिरवा रंग, म्हणजे सायन, अंधारातसुद्धा सर्वांत आधी उडायचा. सायन लाल उजेड अडवतो. तो उडाला की अडवणारं कोणी नाही, म्हणून सावल्यांत लाल शिरतो. हे जसंच्या तसं कर्व्हजमध्ये करता येतं: लाल चॅनलचं डावं खालचं टोक ४० ते ५० पर्यंत उचला, निळ्याचं उजवं वरचं टोक २२५ पर्यंत खाली आणा, हिरव्याला हात लावू नका. केस काळ्याचे तांबूस होतात, भिंत सायीची होते, आणि ऐंशी सालचं बारसं समोर उभं राहतं. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली भिंतीवर राहिलेल्या प्रिंट वेगळ्या रीतीने विटतात. त्यांची नक्कल करायची तर घरातली एखादी तशी प्रिंट शेजारी ठेवूनच करा.

कुंकू करडं का दिसतं?

आता कृष्णधवल करण्याबद्दल. कागदाचा रंग जमला तरी नातीचा फोटो कुठेतरी खटकत होता, आणि आजींना स्वतःला ते आधी कळलं. त्या म्हणाल्या, “हिचं कुंकू कुठं गेलं?” कुंकू होतं. मोठं, ठसठशीत. पण फोटोतला रंग काढून टाकताना लाल कुंकू आणि गव्हाळ कपाळ या दोघांचा एकच करडा झाला होता. शालूचे लाल काठही तसेच विरघळले होते. आजींच्या फोटोत मात्र कुंकू जवळजवळ काळं आणि काठ उठून आलेले.

रंग काढून टाकणं आणि कृष्णधवल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिल्मच्या आधी फोटो ज्यांवर घेत त्या सुरुवातीच्या काचेच्या प्लेटना फक्त निळा उजेड कळायचा. १८७३ मध्ये हर्मन फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रंगद्रव्य मिसळून त्यांना हिरवाही दाखवला, आणि सगळे रंग पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात आल्या त्या १९०६ मध्ये. त्यानंतरही लाल न कळणारी स्वस्त फिल्म बरीच वर्षं वापरात राहिली. जिला लाल दिसत नाही ती लाल जागा काळी छापते. म्हणून पणजीच्या फोटोत कुंकू काळं असतं, आकाश कोरं पांढरं असतं आणि भगवा झेंडा काळपट दिसतो. आपल्या घरांतल्या जुन्या फोटोंचा तोंडवळा यातून येतो, सेपियाचा नंबर त्यानंतरचा.

म्हणून ‘सॅच्युरेशन शून्य’ हा रस्ता सोडा. फोटोशॉपमधला चॅनल मिक्सर किंवा गिम्पमधला मोनो मिक्सर घ्या, त्यात कृष्णधवल करताना कोणत्या रंगाचा किती वाटा घ्यायचा ते ठरवता येतं. साठच्या दशकासाठी मी लाल २०, हिरवा ५०, निळा ३० टक्के घेतला. कुंकू लगेच वर आलं, काठ आले, चेहऱ्याला उतार आला. १९२० पूर्वीचं दाखवायचं असेल तर लाल शून्य, हिरवा ३० ते ४०, उरलेला निळा. स्नॅपसीडच्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’मध्ये रंगीत काचा (कलर फिल्टर) दिल्या आहेत, त्यांतली हिरवी निवडली तरी पुष्कळ काम होतं. लाल काच मात्र निवडू नका, तिने कुंकू पुसलंच जातं.

एक सावधगिरी. फोनच्या फोटोत निळा चॅनल सर्वांत खराब असतो, त्यात ठिपके आणि चौकोनी तुकडे दिसतात. निळा जास्त घेतला तर ते चेहऱ्यावर येतात, आणि सावळी त्वचा गरजेपेक्षा गडद होते. अशा वेळी निळा कमी करून हिरवा वाढवा. कुंकू थोडं फिकं झालं तरी माणूस माणसासारखा दिसला पाहिजे.

कोपरे, ओरखडे, दाणे

काळे कोपरे हा लेन्सचा दोष. साध्या लेन्समधून कडेला उजेड कमी पोचतो, आणि तो हळूहळू कमी होतो. मध्ये गोल प्रकाश आणि भोवती काळोख असं कधीच नसतं. वयाने होतं ते याच्या उलट आहे. हवा आणि दमटपणा कडांकडून आत शिरतो, म्हणून जुन्या प्रिंटच्या कडा फिकट आणि पिवळ्या पडतात. ॲपमधला कोपरे काळे करणारा पट्टा दहा-पंधराच्या वर नेऊ नका. त्याऐवजी कडेने मऊ ब्रशने थोडा उजेड द्या, तोही चारही बाजूंना सारखा नाही. चौकट भिंतीला जिथे टेकते तिथे ओल जास्त लागते, तिथे जास्त.

ओरखड्यांचे तयार नमुने सगळे मिळून एकाच लेयरवर येतात आणि लगेच ओळखू येतात. प्रिंटवर पडलेला ओरखडा किंवा घडी पांढरी दिसते, कारण आतला कोरा कागद उघडा पडतो. निगेटिव्हवरची धूळही प्रिंटमध्ये पांढरीच उमटते. पण निगेटिव्हचा थर खरवडला गेला असेल तर ती रेष काळी छापली जाते. म्हणून पांढऱ्या धुळीचे चार ठिपके आणि कोपऱ्याची एक मोडलेली घडी एवढं पुरतं, आणि चेहऱ्यावर काहीच नको. कोणतंही घर देव्हाऱ्याशेजारचा फोटो इतका हेळसांडीने ठेवत नाही. कसरीने खाल्लेली कड मला स्वतःला फार आवडते. ती सरळ फाटलेली नसते, वरचा थर नकाशासारखा कुरतडलेला असतो आणि खाली कागद शाबूत असतो. पण ती खरी प्रिंट स्कॅन करूनच घ्या.

जुनी प्रिंट तिरकी धरली की गडद भागावर निळसर चांदीची चकाकी दिसते. ती पृष्ठभागावर आलेली चांदी आहे. काही जण सावल्यांत निळा घालून तिची नक्कल करतात. ती चकाकी प्रिंट हलवली तरच दिसते, त्यामुळे समोरून बघायच्या फोटोत तिला जागा नाही.

दाण्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ग्रेन म्हणजे निगेटिव्हमधल्या चांदीचे कण. ते दिसतात की नाही हे निगेटिव्ह किती मोठं करून छापलं यावर ठरतं. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी घरांत आग्फा क्लिक थ्री होता. १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो, आणि ते बहुतेक वेळा निगेटिव्हच्याच मापाचे छापून यायचे. त्या इवल्याशा चौकोनी प्रिंटमध्ये दाणे जवळपास दिसतच नाहीत. पस्तीस मिलिमीटरच्या रोलवरून पोस्टकार्डाएवढा किंवा त्याहून मोठा फोटो केला की मग ते दिसतात. म्हणजे चौकोनी, दातेरी कडेचा फोटो करत असाल तर दाणे जवळजवळ नकोतच.

जिथे हवेत तिथे ते सर्वांत शेवटी घाला. आधी फोटो छापायच्या मापाचा करा. चार बाय सहा इंचाला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. मग मध्यम करड्या रंगाचा लेयर घ्या, त्यावर एकरंगी नॉइज (बारीक विस्कळीत ठिपके) टाका, ती अर्धा ते पाऊण पिक्सेल धूसर करा आणि मोड ‘ओव्हरले’ ठेवून ओपॅसिटी पंधरा टक्क्यांपासून वर न्या. आधी दाणे घालून नंतर फोटो लहान केला तर दाणे विरून जातात, आणि मोठा केला तर वाळू होते. नॉइज रंगीत असेल तर तो फोनचा फोटो आहे हे लहान मूलही सांगेल.

दाण्यांचा एक फायदा वेगळाच आहे. आकाशात किंवा मागच्या पडद्यावर पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे येत असतील, तर त्याचं कारण म्हणजे आठ बिटांच्या फोटोत प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ छटा असतात. कर्व्हज ओढले की त्या विरळ होतात आणि मध्ये फटी पडतात. काम सुरू करतानाच फाइल सोळा बिटांची करा, म्हणजे दर पायरीला होणारी काटछाट थांबते. उरलेले पट्टे हलक्या दाण्यांनी झाकले जातात.

स्क्रीनवर छान, लॅबमधून निळसर

माझ्या मते सर्वांत जास्त मनस्ताप इथे होतो, कारण इथे आपलं काही चुकलेलंच नसतं. नातीच्या फोटोची पहिली प्रिंट आली ती थंड करड्या रंगाची. सायीचा कागद गायब, कोपरे निळसर. फाइल पुन्हा उघडून बघितली, आकडे बरोबर होते. लॅबला फोन केला तेव्हा कळलं, मशिनवर आपोआप होणारी रंगदुरुस्ती चालू होती.

लॅबची बाजू समजून घ्यायला हवी. त्यांच्याकडे रोज येणाऱ्या फोटोंत पिवळेपणा हा दोषच असतो, बल्बच्या उजेडातली पंगत, हॉलमधला हळदी समारंभ. मशिन पिवळा दिसला की निळा घालतं, फिका काळा दिसला की गडद करतं. आपण जीव ओतून आणलेल्या दोन्ही गोष्टी ते प्रामाणिकपणे पुसून टाकतं.

म्हणून लॅबमध्ये फाइल देताना तोंडी तर सांगाच, शिवाय फाइलच्या नावात ‘करेक्शन करू नये’ असं लिहा. माझ्या पाहण्यात काउंटरवरचा माणूस आणि मशिनवरचा माणूस वेगळे असतात, आणि निरोप मध्येच राहतो. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपटात (कलर स्पेस) द्या, दुसऱ्या रंगपटात दिली तर फोटो मरगळलेला येतो. पंधरा-वीस प्रिंट एकदम काढू नका. आधी एका चार बाय सहाच्या कागदावर त्याच फोटोचे सहा छोटे तुकडे मांडा, प्रत्येकात कागदाचा रंग थोडा थोडा वेगळा, आणि खाली बारीक अक्षरात त्याचे आकडे. तो एक कागद छापून आणा आणि दिवसाच्या उजेडात खऱ्या जुन्या प्रिंटशेजारी धरून निवडा. आमच्या वेळी स्क्रीनवर मला आवडलेला तुकडा दुसरा होता, पण आजींच्या प्रिंटशी जुळला तो चौथा, जो स्क्रीनवर मला जरा जास्तच पिवळा वाटला होता.

कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर फिका काळा राखेसारखा दिसतो. आणि फाइल लॅबला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, त्यात ती दाबली जाते, दाणे चोळामोळा होतात आणि फोटोतल्या मागच्या पडद्यावर पुन्हा चौकोन येतात. तिथूनच पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा सरळ पेनड्राइव्ह न्या.

एवढं सगळं करूनही फोटो नवाच वाटत असेल, तर दोष बहुधा काढतानाचा आहे. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, जवळून काढलं की नाक मोठं आणि खुर्चीचे पाय पसरलेले दिसतात. स्टुडिओवाला दहा-बारा फूट लांब उभा असायचा. तुम्हीही मागे सरका आणि दुप्पट झूमवर काढा. एचडीआर, ब्यूटी आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. उजेड एकाच बाजूने, खिडकीतून येऊ द्या. मागचा स्विचबोर्ड, प्लास्टिकची खुर्ची आणि मनगटावरचं स्मार्टवॉच तेवढं बघा.

शेवटची गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. काही वर्षांपूर्वी मी एका नातेवाइकांना त्यांच्या वाड्याचा नवा फोटो जुना करून दिला होता, गंमत म्हणून भिंतीवर लावायला. पुढे तो फोटो कुटुंबाच्या वंशावळीच्या पुस्तिकेत छापून आला, खाली ‘सुमारे १९३५’ असं लिहून. कोणाचा हेतू वाईट नव्हता. ज्यांना खरं माहीत होतं ते काका तोवर गेले होते. पुस्तिकेच्या प्रती वाटून झाल्या होत्या आणि मला फार वाईट वाटलं, कारण वाड्याचा एकही खरा जुना फोटो त्या घरात नव्हता आणि आता एक खोटा होता. तेव्हापासून मी फाइलच्या नावातच काढल्याचं साल आणि ‘जुना केलेला’ हे शब्द घालते, मूळ रंगीत फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवते, आणि प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने कोणी, कुठे, कधी काढला ते लिहिते. बॉलपेनने लिहू नका, त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाई कालांतराने झिरपते. लिहायचं ते कडेच्या मोकळ्या पट्टीमागे, चेहऱ्यांच्या मागे नाही.